वाळूत चढावर गाडी दम सोडते, ॲक्सिलरेटर दाबूनही उचल नाही: माझा अनुभव

शारजाहजवळच्या अल बदायरच्या वाळूत माझी पहिलीच फोर-व्हील-ड्राइव्ह नेली. लक्षण असं: फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर देणारा, नेहमीच्या वेगाचा गिअर) चढाला लागलं की इंजिन मध्येच मंदावतं, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ढिम्म. मग चाकं रुततात.

हवा ३५ वरून २५ पीएसआय केली. ट्रॅक्शन कंट्रोलचं (चाक जागीच फिरू लागलं की त्याला आवरणारी यंत्रणा) बटण एकदा दाबलं. चाकांखाली गाडीतली पायपुसणी सारली, ती सरळ मागे उडाली. तीन सुट्ट्या फावडं मारण्यात गेल्या.

शेवटी जमलं ते असं. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू उपसली. चारही टायर १५ पीएसआयवर आणले (याखाली नको, वळणावर टायर रिम सोडतो). मग गाडी उभी असतानाच तेच बटण चांगलं पाच सेकंद दाबून धरलं, डॅशवर दुसराही दिवा लागेपर्यंत. मेख इथेच होती. नुसत्या टिचकीनं फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतो. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी आडवी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा) चालूच राहतो आणि गाडी जरा घसरली की इंजिनाचा जोर कापतो. मग आपल्याच चाकोरीतून रिव्हर्स, आणि पुन्हा चढ. एका दमात वर!

इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की दोन्ही आपोआप सुरू होतात, बटण परत धरावं लागतं. डांबरावर येण्याआधी हवा भरा. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला लावा, सिगारेट-सॉकेटचा फ्यूज माझा उडाला.