आधी रिकामी सिस्टिम ऐका

पंखा बंद करा, फ्रिज थांबेपर्यंत दम धरा. काहीही न वाजवता म्युझिक सिस्टिमच्या अँपचा (अँप्लिफायरचा) व्हॉल्यूम नेहमीइतका ठेवा आणि कान ट्वीटरजवळ, म्हणजे स्पीकरमधल्या बारीक सुरांच्या छोट्या भागाजवळ, न्या. बारीक ‘स्स्’ चालेल. खुर्चीत बसून ऐकू आलं नाही म्हणजे झालं. घुमणारी ‘हम्म’ मात्र विजेची, आपल्याकडे 50 किंवा 100 हर्ट्झची. अँप बंद करून एक केबल काढा, पुन्हा चालू करून ऐका, असं एकेक करत शोधा. माझ्याकडे सेट-टॉप बॉक्सची निघाली. अर्थिंगची पिन कधीही काढू नका, कुणी काहीही सांगो!

मग विलंबित ख्याल लावा. तानपुऱ्याची तार विरते कुठे, गायिका श्वास कधी घेते, तिकडे लक्ष द्या. सीडीची 96 डेसिबलची झेप, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, कागदावर ठीक. आमच्या रस्त्यालगतच्या खोलीत त्या झेपेचा तळ, म्हणजे हळू आवाज, रिक्षाच गिळतात. म्हणून मी अकरानंतरच ऐकतो.