घरच्या वर्कशॉपसाठी मिलिंग मशीन निवडताना

मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं मशीन, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण टेबलाची लांबी-रुंदी आणि मोटरचा हॉर्सपॉवर विचारतात. मी आधी वजन विचारेन. कटरचा प्रत्येक दात जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, ठोका देतो. तो ठोका बिडाने पचवला नाही तर मशीन थरथरतं, फिनिश बिघडतं आणि कटरची धार उडते. म्हणून घराला झेपेल तितकं जड मशीन घ्यावं. प्रश्न उरतो तो घराला किती झेपतं याचा, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

जागा मोजा

नेरूळ, वाशी, कोपरखैरण्याच्या रो-हाउसमध्ये तळमजला मोकळा असेल तर जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटवर ३०० किलोचं मशीन निर्धास्त ठेवता येतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमधला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर हिशेब वेगळा. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात, आणि हा भार पसरलेला असतो, चार पायांवर एकवटलेला नव्हे. फ्लॅटमध्ये ५०-६० किलोचं बेंच मिल ठेवा. त्याहून जड हवं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

लिफ्टमधली पाटीही वाचा. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो. मशीन, पेटी आणि सोबतची दोन माणसं मिळून आकडा किती होतो ते बघा. हेड (कटर फिरवणारा वरचा भाग) आणि टेबल सुटे करून नेता येतात. खोलीची रुंदी मोजताना नुसती टेबलाची लांबी धरू नका, तिच्यात टेबलाचा प्रवास मिळवा. ७०० मिमीचं टेबल ४५० मिमी सरकत असेल तर ११५० मिमी जागा मोकळी हवी.

प्रकार ठरवा

ड्रिलिंग मशीनवर क्रॉस-व्हाइस (दोन दिशांना सरकणारा शिकंजा) बसवून मिलिंग करायचा मोह होतो. करू नका. ड्रिलच्या स्पिंडलचे (फिरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग बाजूच्या रेट्यासाठी नसतात, आणि चक नुसत्या टेपरवर (निमुळत्या बैठकीवर) बसलेला असतो. बाजूने जोर आला की तो चालू मशीनमधून निसटून खाली येतो.

गोल कॉलमचं मिल-ड्रिल स्वस्त आणि वजनदार असतं, पण हेड वरखाली केलं की ते कॉलमभोवती फिरतं आणि आधी साधलेला सेंटर हरवतो. लांब ड्रिल काढून छोटा एंडमिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) लावताना हे दर वेळी नडतं. डव्हटेल कॉलममध्ये, म्हणजे जिथे हेड तिरक्या कडांच्या खाचेवर सरळ सरकतं तिथे, ही अडचण नाही. त्याच दामात थोडं छोटं मिळालं तरी मी डव्हटेलच निवडेन. एम१टीआर जातीचं टरेट (वळवता येणाऱ्या हेडचं) मिलिंग मशीन उत्तमच, पण ते टनाच्या घरात जातं. पक्की जमीन आणि हायड्रा क्रेन दारापर्यंत येण्याइतका रस्ता असेल तरच त्याचा विचार करा.

वेगाकडेही नीट लक्ष द्या, विशेषतः सगळ्यात कमी वेगाकडे. माइल्ड स्टीलवर एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटर मिनिटाला साधारण २५ मीटरने चालवतात. १० मिमीच्या एंडमिलला त्यासाठी ८०० आरपीएम लागतात, पण ५० मिमीच्या फ्लायकटरला (एकाच टूलने पृष्ठभाग सपाट करणाऱ्या कटरला) जेमतेम १६०. ज्याचा किमान वेग ५०० आहे त्या मशीनवर स्टील फेस करायला गेलात तर टूलचं टोक जळेल. नुसता इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वेग उतरवतो, पण जोर वाढवत नाही. गिअर किंवा बेल्टच्या पायऱ्या असलेलं बघा.

स्पिंडलचा टेपर आर८ किंवा आयएसओ असेल तर कटर बदलणं सोपं जातं. मोर्स टेपर घट्ट बसतो आणि सोडवायला दर वेळी ड्रॉबारवर (टेपर वरून ओढून धरणाऱ्या लांब बोल्टवर) हातोडी मारावी लागते. टेपर कोणताही असो, ईआर३२ कोलेट चक (कटर भोवतीने आवळणारा) घेतला की २० मिमीपर्यंतचे शँक (कटरचे दांडे) धरता येतात.

जुनं घेत असाल तर

वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात एखादं युनिट बंद होतं किंवा सीएनसीकडे वळतं, तेव्हा जुनी मॅन्युअल मशीनं विकायला निघतात. ती बघायला जाताना डायल गेज (शतांश मिमीचा फरक काट्याने दाखवणारं माप), टॉर्च आणि लाकडाचा एक दांडका न्या. ताज्या रंगावर भाळू नका. टेबल मधोमध आणून हँडल फिरवा, मग दोन्ही टोकांना न्या. मध्ये सैल आणि टोकांना जड लागलं तर स्लाइड मधोमध झिजली आहे, आणि जिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) आवळून ते जाणार नाही. बॅकलॅश (हँडल उलट फिरवताना टेबल न हलता जाणारी मोकळीक) दोन दशांश मिमीपर्यंत चालतो. अर्धा मिमी असेल तर नट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. टेपरच्या आत डायल लावून स्पिंडल हाताने फिरवा. काटा दोन शतांश मिमीच्या आत राहिला पाहिजे. मग दांडक्याने स्पिंडल वर उचलून खेळ बघा. शेवटी पूर्ण वेगावर पंधरा मिनिटं चालवून बेअरिंगपाशी हात लावा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर मशीन सोडून द्या.

मोटरची नेमप्लेट वाचा. थ्री-फेज ४१५ व्होल्टची, स्टारमध्ये जोडलेली मोटर असेल आणि तिची सहाही टोकं बाहेर काढलेली असतील, तर ती डेल्टात जोडून सिंगल-फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) घरच्या २३० व्होल्टवर चालते. हे काम वायरमनकडून करून घ्या आणि अर्थिंग तपासा.

पैसे सगळे मशीनवर घालवू नका. चांगला व्हाइस, क्लॅम्प, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समांतर पट्ट्या), कोलेट आणि कटर यांना मशीनच्या निम्मी रक्कम तरी बाजूला ठेवा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं मिळतं.

बसवल्यावर

खाडीकाठच्या दमट हवेत उघडं बीड पावसाळ्यात लवकर गंजतं. स्लाइडवर ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल लावा आणि वर सुती चादर टाका. प्लॅस्टिकखाली दमटपणा कोंडतो. मशीन लेव्हल करून झालं की डायल स्पिंडलला धरा आणि टेबलावर १५० मिमी व्यासाचा फेरा फिरवून हेड काटकोनात आणा. समोरासमोरच्या बिंदूंत दोन शतांश मिमीहून जास्त फरक नको. मग व्हाइसचा स्थिर जबडा टेबलाच्या प्रवासाला समांतर लावा आणि पहिला कट ॲल्युमिनियमवर घ्या, कटरच्या फिरण्याविरुद्ध जॉब सरकवत. बॅकलॅश असलेल्या मशीनवर उलट दिशेने गेलात तर कटर टेबलच ओढून घेतो.