घराच्या एनर्जी कम्प्लायन्सचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर अपडेट करताना काय काय बघायचं

अपडेटचा पॉपअप दिसला की डोळे मिटून ओके दाबायचं, हे बाकी सगळ्या सॉफ्टवेअरला खपून जातं, पण घराचं थर्मल सिम्युलेशन (घर किती तापतं, किती गार पडतं आणि त्यासाठी किती ऊर्जा लागते याचा कॉम्प्युटरवरचा हिशोब) करून त्यावर परवानगी किंवा स्टार रेटिंग (ऊर्जेच्या बाबतीत घर किती चांगलं त्याचे गुण) काढायचं असेल तर जरा दमानं घ्या. इथे सगळ्यात नवीन व्हर्जन म्हणजे बरोबर व्हर्जन असं नसतं, तुमचं घर ज्या नियमाखाली तपासलं जाणार त्या नियमाला जे चालतं ते बरोबर.

म्हणून डाउनलोड करायच्या आधी प्रोजेक्टची तारीख बघा. कॅलिफोर्नियात बघा, २०२२ चा एनर्जी कोड १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, आणि कुठला कोड लागणार ते परमिटचा अर्ज कधी केला त्यावर ठरतं, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये अर्ज गेलेलं घर २०१९ च्या कोडखाली आणि शेजारचं जानेवारीतलं घर नव्याखाली, दोघांचं सॉफ्टवेअर वेगळं. ऑस्ट्रेलियात तर २०२२ च्या बांधकाम कोडने नवीन घरांचं किमान रेटिंग ६ वरून ७ स्टार केलं, आणि त्याच बदलाबरोबर नॅटहर्सच्या (तिथली घरांना स्टार देण्याची योजना) चेनाथ इंजिनात, म्हणजे आतला हिशोब करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फ्रेममधून होणारं थर्मल ब्रिजिंग (इन्सुलेशनला वळसा घालून फ्रेममधून जाणारी उष्णता) धरायला लागले, हवामानाच्या फाइल्सही बदलल्या. घराची एक वीटही न हलवता स्टार हलू शकतात ते असे. क्लायंटला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नंतर समजावत बसायला फार त्रास होतो.

तर पहिला नियम, चालू प्रोजेक्ट मध्येच नव्या व्हर्जनवर न्यायचा नाही, नियमच तसं सांगत असेल तर गोष्ट वेगळी.

आता बॅकअप. नुसती मॉडेलची फाइल कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. सोबत वेदर फाइल (त्या गावच्या हवामानाचे आकडे), शेड्यूलच्या सीएसव्ही (माणसं, दिवे, उपकरणं कधी चालू-बंद त्याचे तक्ते), स्वतः बनवलेली भिंती-काचांची लायब्ररी आणि शेवटच्या रनचे आउटपुट रिपोर्ट, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरच्या नावातच व्हर्जन नंबर टाका. आउटपुट का, तर पुढे तुलना त्याच्याशीच करायचीये.

पुढचं सगळं एनर्जीप्लस हे सिम्युलेशन इंजिन धरून सांगतो, कारण ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि बऱ्याच कम्प्लायन्स टूल्सच्या पोटात तेच चालतं. त्याचं नवीन व्हर्जन साधारण वर्षातून दोनदा येतं, प्रत्येक व्हर्जन आपापल्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसतं, त्यामुळे जुनं काढायची काही गरज नाही, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. नंबर बघून गोंधळू नका, ९.६ नंतर थेट २२.१ आलं, मधलं काही तुमच्याकडून सुटलेलं नाही, २०२२ पासून वर्षावरून नंबर द्यायला लागले एवढंच. तुम्ही ओपनस्टुडिओ किंवा डिझाइनबिल्डर (एनर्जीप्लस आत ठेवून वरून मॉडेल बनवायला देणारी सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आतलं इंजिन वेगळं अपडेट करायच्या फंदात पडू नका, त्यांच्या प्रत्येक व्हर्जनबरोबर ठरलेलं इंजिन येतं. आणि ओपनस्टुडिओची फाइल नव्यात सेव्ह केली की जुन्यात उघडत नाही, तेव्हा कॉपीवरच काम करा.

जुनी आयडीएफ फाइल (एनर्जीप्लसची मॉडेलची फाइल) नव्यात न्यायला सोबत व्हर्जन अपडेटर येतो. तो एकेक पायरी चढतो, ९.४ वरून ९.५, मग ९.६, मग २२.१ असा, आणि फक्त वरच जातो, खाली येत नाही. फारच जुनी फाइल असेल तर त्याच्याकडे तितक्या मागच्या पायऱ्या नसतात, त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात.

इथे एक शॉर्टकट चालतो तो अजिबात करू नका. फाइल तशीच नव्या इंजिनात टाकली की व्हर्जन जुळत नाही अशी वॉर्निंग येते, मग काही जण फाइल उघडून तिथला नंबर हाताने बदलतात आणि वॉर्निंग गायब, खूश. पण आयडीएफमधली व्हॅल्यू कशाची आहे हे तिच्या जागेवरून ठरतं, शेजारी लिहिलेलं नाव ही फक्त कॉमेंट. नव्या व्हर्जनमध्ये मध्येच एक फील्ड घुसलं असेल तर त्याच्या खालच्या सगळ्या व्हॅल्यू एक जागा सरकतात, आणि सरकलेला आकडाही त्या जागी चालण्यासारखा असेल तर एरर पण येत नाही, रन नीट पूर्ण होतो आणि उत्तर चुकीचं. यापेक्षा रनच थांबवणारी फेटल एरर आलेली परवडली.

रन झाला की एरर फाइलची फक्त शेवटची ओळ वाचून "कम्प्लिटेड सक्सेसफुली" म्हणून बंद करू नका, जुन्या आणि नव्या रनची एरर फाइल शेजारी उघडा आणि जुन्यात नसलेली कुठली वॉर्निंग नव्यात आलीये ते शोधा, बहुतेक वेळा फरकाचं मूळ तिथेच सापडतं.

तुलनेसाठी आधी मंजूर झालेलं एखादं घर घ्या आणि तेच दोन्ही व्हर्जनमध्ये चालवा. एनर्जीच्या आकड्याकडे लगेच धावू नका. आधी एरिया, व्हॉल्यूम, खिडकी-भिंतीचं प्रमाण, मग भिंत, छत आणि काचेचे यू-फॅक्टर (त्यातून किती उष्णता जाते त्याचा आकडा), हे सगळं समरी रिपोर्टमध्ये असतं आणि ते तंतोतंत जुळलंच पाहिजे, कारण घर तेच आहे ना. हे जुळत नसेल तर कन्व्हर्जनमध्ये गडबड आहे, पुढचं बघण्यात अर्थ नाही. जुळलं की मग हीटिंग-कूलिंगचा वर्षाचा आकडा बघा. थोडा फरक येणारच, इंजिनातले बग दुरुस्त होतात, डिफॉल्ट बदलतात, रिलीज नोट्समध्ये ते लिहिलेलं असतं, कंटाळवाणं असतं पण वाचा. फरक मोठा वाटला तर नवं इंजिन जुन्या वेदर फाइलवर चालवा, मग वेदर फाइल बदलून परत चालवा. दोन्ही एकदम बदललं की कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

अॅश्रे १४० नावाचं स्टँडर्ड आहे, सिम्युलेशन प्रोग्रॅम तपासायचं, आणि एनर्जीप्लसचे त्यातले निकाल प्रसिद्ध असतात. पण त्याने इंजिन तपासलं जातं, तुमचं मॉडेल नाही, त्यामुळे "सॉफ्टवेअर टेस्टेड आहे" हे उत्तर तपासणाऱ्याला देऊन उपयोग नाही.

रन आपोआप चालवायला बॅच फाइल किंवा पायथन स्क्रिप्ट वापरत असाल तर आतला पाथ, म्हणजे इंजिनाच्या फोल्डरचा पत्ता, बघा. बऱ्याचदा तिथे जुन्या फोल्डरचं नाव पक्कं टाइप केलेलं असतं, मग तुम्हाला वाटतं नव्यावर रन झालं आणि प्रत्यक्षात जुनंच इंजिन चाललेलं असतं. आउटपुट रिपोर्टच्या वरच व्हर्जन छापलेलं असतं, तिथे खात्री करा.

ऑफिसमध्ये तीन-चार जण मॉडेल करत असतील तर सगळ्यांनी एकाच दिवशी बदला, नाहीतर एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडत नाही. आणि जुनं व्हर्जन लगेच उडवू नका, त्यावर केलेल्या शेवटच्या घराचं बांधकाम पुरं होऊन फायनल सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत राहू द्या, कारण मालक मध्येच खिडकी मोठी करतो आणि मग तेच मॉडेल त्याच व्हर्जनमध्ये परत चालवावं लागतं.