नाणी जमवायची तर कुणाची कॉपी करायची

दिवाळीच्या साफसफाईत आजीचा पितळी डबा निघतो, त्यात चार-सहा काळपट रुपये, दोन भोकाचे पैसे, एखादी झिजलेली शिवराई, आणि भाचा लगेच विचारतो, "मामा, याचे किती येतील?" जळगावात हा प्रश्न हमखास येणारच, सराफ बाजार हाकेवर आहे ना भो. माझं उत्तर ठरलेलंय, विकायचं नंतर बघू, आधी जमवायला शिक. आणि त्याला फार पैसा लागत नाही, ज्यांनी हा छंद घडवला त्यांची एकेक सवय उचल, पुष्कळ झालं.

सुरुवात पेट्रार्कपासून कर. चौदाव्या शतकातला इटलीचा कवी. रोममध्ये द्राक्षाच्या मळ्यात खणताना जुनी नाणी सापडली की माणसं ती घेऊन त्याच्याकडे यायची, विकत घ्या नाहीतर निदान यावर कोणता राजा आहे ते तरी सांगा म्हणून. आपल्याकडे नांगरटीत नाणं निघालं की गावातल्या मास्तरांना दाखवतात, तसंच. १३५४ साली तर त्याने सम्राट चौथ्या चार्ल्सला रोमन राजांची नाणी भेट दिली, की बाबा यांच्यासारखा हो. म्हणजे पहिली सवय काय, तर नाणं वाचायचं. शिवराई असेल तर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपती', झिजलेली असेल तर उन्हात तिरपी धरून बघ, अक्षरं सावलीमुळे वर येतात.

दुसरा जेम्स प्रिन्सेप, आणि याच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार कारण माझा लाडका आहे. हा माणूस आधी बनारसच्या आणि मग कलकत्त्याच्या टांकसाळीत धातू तपासायच्या कामावर होता, दिवसभर वजनं आणि कस. त्याच्यासमोर इंडो-ग्रीक, म्हणजे वायव्य भारतात राज्य केलेल्या ग्रीक राजांची नाणी यायची, एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी, तिकडची जुनी लिपी. ग्रीक येत होतं, मग तिथलं राजाचं नाव दुसऱ्या बाजूला कुठल्या अक्षरांत बसतं हे जुळवत जुळवत त्याने खरोष्ठीची अक्षरं लावायला घेतली. १८३७ मध्ये ब्राह्मी, अशोकाच्या लेखांची लिपी, ती पण वाचली आणि १८४० मध्ये गेला, वय फक्त चाळीस! त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच, दोन्ही बाजू बघायच्या आणि वजन करायचं. पॉइंट झिरो वन ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घे, सोनारकामाचा मिळतो. १८३५ पासूनचा चांदीचा रुपया साधारण ११.६६ ग्रॅमचा, झिजून थोडा कमी भरेल, पण नवाकोरा दिसतोय आणि दहाच्या आत भरतोय तर गडबड आहे. आणि १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच असते, हे बाजारात कुणी आपणहून सांगत नाही.

मग ऑगस्टस हीटन. अमेरिकन चित्रकार, १८९३ मध्ये याने टांकसाळीच्या खुणांवर छोटं पुस्तक लिहिलं. तोपर्यंत तिकडे लोक नुसतं साल बघायचे, कोणत्या टांकसाळीचं याची फारशी फिकीर नसायची. याची सवय तर फुकटात लागते, आत्ता खिशातली चिल्लर काढ. सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, काहीच नाही तर कोलकाता. एका रुपयाचे एकाच सालाचे चारही मिळव, किराणा दुकानदाराशी ओळख असली की काम सोपं. पुढे व्हिक्टोरियाच्या रुपयावर आलास की समजेल, १८६२ साल टाकून तेच रुपये १८७४ पर्यंत पाडत राहिले, फरक फक्त बारीक टिंबांचा, तिथे भिंग लागतंच.

चौथा विल्यम शेल्डन, अमेरिकन संग्राहक. याने १९४९ मध्ये नाण्याच्या स्थितीला १ ते ७० नंबर द्यायची पद्धत काढली, मुळात अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी, आता जगभर तीच चालते. (याच शेल्डनने एका संग्रहातली चांगली नाणी काढून तिथे आपली कमी प्रतीची ठेवली हे नंतर उघड झालं. पद्धत घे, बाकी सोड.) नंबर नंतर बघू, पण स्थिती म्हणजे काय हे मला स्वतःच्या हाताने कळलं. चोपड्याकडच्या मावशीने दिलेला १८६२ चा रुपया मी टूथपेस्ट लावून लख्ख केला, राणीच्या केसांच्या बटा गेल्या, गाल चमच्यासारखा गुळगुळीत, आणि बाजारात एकाने बघून फक्त चांदीचा भाव सांगितला. तेव्हा चिंच नाही, राख नाही, पावडर नाही. कड धरूनच उचल, साध्या कागदी पाकिटात ठेव, त्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बमात नाणी हिरवी चिकट होतात. हारात ओवायला कडी डाग देऊन जोडलेले रुपये घेऊ नको, सातपुड्याकडे असे हार खूप, ते गळ्यातच शोभतात.

शेवटचे आपल्या जवळचे, परमेश्वरीलाल गुप्त. पाटणा म्युझियम सांभाळलेला माणूस, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी करण्यात पुढे. हातात त्र्यंबक फिरायचा प्लॅन असेल तर वाटेतच आहे. नाशिकजवळच १९०६ मध्ये जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपान या क्षत्रप राजाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला, काहींवर तर ठशाच्या खालून नहपानाचं नाक अजून डोकावतं. हे कळलं कारण ढीग आटवला नाही, मोजला, लिहून ठेवला. म्हणून वहीत लिही, कुठून आलं, कधी, कितीला, वजन. आणि शेतात कधी हंडा लागला तर गुपचूप वाटून घेऊ नका रे, १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवावाच लागतो.

भाच्याला परवा व्हॉट्सॲपवर आलं होतं, वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो घ्या, आधी फक्त रजिस्ट्रेशन फी भरा. मी म्हटलं वही काढ, त्या नाण्याची खूण बघ, चौकट आहे की चांदणी ते लिही, आणि नंबर ब्लॉक कर.