बाळाच्या बरगडीतली गाठ: कधी काढायची, किती काढायची

बाळ काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं आहे, छातीच्या एका बाजूला टणक, न हलणारा फुगवटा आहे, श्वास जलद चालतो आणि एक्स-रेत दोन-तीन बरगड्या फुगून वाकलेल्या दिसतात. अशा वेळी मेसेन्कायमल हॅमार्टोमाचा विचार व्हायलाच हवा. कूर्चा आणि रक्ताने भरलेल्या पोकळ्या मिळून बनलेली ही गाठ बरगडीतूनच वाढते. हा कर्करोग नाही. पण स्कॅनवर ती इतकी आक्रमक दिसते की सार्कोमा (हाड-स्नायूंसारख्या ऊतींचा कर्करोग) समजून केमोथेरपी सुरू होऊ शकते. म्हणून घाई कराल ती निदान पक्कं करण्याची, ऑपरेशनची नव्हे.

सीटीत कॅल्शियमचे ठिपके आणि एमआरआयमध्ये पोकळ्यांतल्या रक्ताचे थर दिसले की संशय बळावतो. न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांमधला चेतापेशींचा कर्करोग) वगळायला लघवीतलं व्हीएमए, म्हणजे त्या कर्करोगात वाढणारं रसायन, तपासतात. सुईने तुकडे घेताना एकच तुकडा पुरत नाही: नुसती कूर्चा आली तर कूर्चेचा कर्करोग वाटतो, नुसती रक्ताची पोकळी आली तर साधी हाडाची सिस्ट. तुकडे घट्ट भागातून, दोन-तीन ठिकाणचे हवेत. स्लाइड आणि ब्लॉक (तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा) दोन्ही मागून घ्या आणि लहान मुलांच्या गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या.

बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, धाप नाही, कणा सरळ आहे, तर थांबणं हाही उपचारच. काही गाठी वाढायच्या थांबतात, काही आपोआप लहान होतात. फुफ्फुस दबत असेल, हृदय दुसऱ्या बाजूला सरकत असेल किंवा कणा वाकू लागला असेल, तर मात्र काढावी लागते.

ऑपरेशनच्या दिवशी आईचं दूध ४ तास आधी, वरचं दूध ६ तास आधी बंद. सर्वांत मोठी भीती रक्तस्रावाची. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त असतं. ५ किलोच्या बाळात ४०० मिली. त्यातलं ८० मिली गेलं तरी पाचवा हिस्सा गेला! रक्त जुळवून थिएटरमध्येच तयार आहे का, हे नक्की विचारा.

चिरा बरगडीच्या रेषेत घेतात, पाठीचा मोठा स्नायू न कापता बाजूला सारतात. बरगडीच्या खालच्या कडेने जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधी बांधतात, मग गाठ बरगडीच्या तेवढ्याच भागासह निघते. गाठ बहुधा फुफ्फुसाच्या आवरणाबाहेर असते, त्यामुळे फुफ्फुस सहसा वाचतं. कर्करोगासारखं भोवतालचं निरोगी हाड रुंद कापायची गरज नाही. इथेच सर्वाधिक चूक होते: ‘सगळं साफ’ करण्याच्या नादात जास्त बरगड्या जातात, आणि त्या मागून, कण्याजवळून गेल्या की कणा वाकण्याचा धोका बराच वाढतो.

बरगड्या काढल्यावर उरलेलं खिंडार मोठं असेल आणि खांद्याच्या पात्याखाली झाकलं जात नसेल, तर तिथली छाती श्वासागणिक आत ओढली जाते. मग पीटीएफई या कृत्रिम पदार्थाचा पातळ पॅच ताणून शिवतात. पॅच बाळासोबत वाढत नाही, म्हणून शक्य तिथे स्वतःचाच स्नायू वळवून वापरणं आम्हाला बरं वाटतं.

ऑपरेशननंतर छातीत ठेवलेली नळी निघाली, घरी आलात, तरी तपासणी संपत नाही. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी एक्स-रे, मग उंची वाढायची थांबेपर्यंत वर्षातून एकदा. मूल उभं राहू लागलं की उघड्या पाठीने पुढे वाकवून मागून पाहा: पाठीची एक बाजू वर आलेली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.