कर्नल अपडेटनंतर मशीन स्लो झालं? कमिट असा पकडा

नवीन लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) टाकला आणि तेच काम जास्त वेळ खायला लागलं की लोक थेट गिट बायसेक्ट सुरू करतात, म्हणजे कोडमधले बदल (कमिट) दर वेळी निम्मे करायचे, मधला कर्नल गुड की बॅड ते सांगायचं, आणि दोषी बदल पकडायचा. आधी आकडे स्थिर करा, कारण बायसेक्टला एकदा जरी चुकून गुड सांगितलं तरी तो खरा कमिट असलेला अर्धा भाग टाकून देतो आणि शेवटी भलत्याच कोणाचा तरी कमिट हातात येतो.

पुण्यात एप्रिलमध्ये भर दुपारी लॅपटॉपवर बेंचमार्क (स्पीडची टेस्ट) घेऊच नका, सीपीयू तापला की क्लॉक आपोआप खाली येतो, मी हिंजवडीच्या रूमवर तीन दिवस असेच घालवलेत. पहाटे घ्या, गव्हर्नर (सीपीयूचा क्लॉक ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर, टर्बो (क्लॉक आपोआप वाढवणं) बंद, टास्कसेट कमांडने काम कुठल्या कोरवर चालेल ते ठरवून द्या, आणि जुन्या कर्नलवर दहा-पंधरा रन घेऊन आकडा किती हलतो ते लिहून ठेवा. स्लोनेस त्यापेक्षा मोठा असेल तरच पुढे.

मग दोन्ही कर्नलच्या कॉन्फिग फाईल (बिल्डच्या सेटिंग) डिफ करा, म्हणजे फरक बघा. लॉकडेप किंवा कासान (चुका पकडणारी, पण कर्नल स्लो करणारी डीबग सेटिंग) चालू राहिलं असेल तर शोध तिथेच संपला.

आता बायसेक्ट. दोन रिलीजमध्ये १०,००० च्या वर कमिट असतात पण दर वेळी निम्मे होतात, म्हणजे साधारण १४ बिल्ड (कोडपासून कर्नल तयार करणं). लोकलमॉडकॉन्फिग (फक्त सध्या लोड असलेले मॉड्यूल ठेवणारं कॉन्फिग) वापरा, बिल्ड खूप लवकर होतो. बिल्ड फुटला तर बॅड म्हणू नका, स्किप करा. आणि गुरुवारी लाईट गेली तरी घाबरू नका, बायसेक्ट कुठवर आलाय ते रेपोमध्येच सेव्ह असतं.

कमिट सापडला तरी कारण दिसेलच असं नाही. स्ट्रक्टमध्ये (मेमरीत एकत्र ठेवलेल्या फील्डचा गट) एक साधी फील्ड वाढलेली असते बस, पण त्यामुळे बाकीच्या फील्ड सरकतात आणि सतत लिहिला जाणारा काउंटर आणि सगळे कोर वाचतात ती फील्ड एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनवर (सीपीयू मेमरीतून एका वेळी आणतो तो तुकडा) येतात, मग एका कोरने लिहिलं की बाकीच्यांची कॉपी रद्द, परत आणा, परत रद्द. हे नुसता कोड वाचून कळत नाही, पर्फ सी-टू-सी (कोरमधली कॅश लाइनची ही ओढाताण दाखवणारं टूल) चालवा, आणि काम एकाच कोरला बांधलेलं असेल तर हा प्रकार दिसणारच नाही, म्हणून मल्टीथ्रेड टेस्टला चार-सहा कोर द्या. उपाय म्हणजे फील्ड हलवा, नाहीतर काउंटर पर-सीपीयू (प्रत्येक कोरला वेगळा) करा.

पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवायच्या आधी लेटेस्ट ट्रीवर (कर्नलच्या ताज्या कोडवर) तो कमिट रिव्हर्ट (मागे घेऊन)  करून स्पीड परत येतो का बघाच. पॅचमध्ये फिक्सेस टॅग (कुठला कमिट दुरुस्त होतोय ते सांगणारी ओळ), त्यात कमिटच्या हॅशची (ओळखीच्या कोडची) पहिली १२ अक्षरं, आधीचे-नंतरचे आकडे, किती रन आणि कुठला सीपीयू, एवढं सगळं लिहा.