रिपॉझिटरीत पेपर टाकताय? कॉपीराइटच्या या चुका टाळा

नॅकचं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, मूल्यांकन जवळ आलं की कॉलेजच्या ग्रंथालयात धावपळ सुरू होते. प्राध्यापकांचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, पेनड्राइव्हवर गोळा होतात आणि दिसेल ती फाइल रिपॉझिटरीवर, म्हणजे संस्थेच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावर, चढते. वणी असो, धारणी असो की देसाईगंज, घोळ तोच. तो टाळायला वकील लागत नाही, सही केलेला कागद तेवढा वाचावा लागतो.

जर्नलची पीडीएफ जशीच्या तशी चढवणं

"पेपर माझाच आहे ना?" लेखन तुमचंच आहे. पण पेपर स्वीकारला गेला तेव्हा एका फॉर्मवर सही झालेली असते आणि अनेकदा त्या सहीनेच कॉपीराइट प्रकाशकाकडे गेलेला असतो. मग त्याने मांडणी केलेली, लोगो असलेली पीडीएफ परवानगीशिवाय खुली ठेवता येत नाही.

मात्र बरेच प्रकाशक एक वाट मोकळी ठेवतात. परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त करून तुम्ही पाठवलेली शेवटची वर्ड फाइल, म्हणजे स्वीकृत प्रत, संस्थेच्या रिपॉझिटरीत ठेवता येते. कधी लगेच, कधी ठरावीक महिने थांबून. कोणतं जर्नल काय मुभा देतं ते 'ओपन पॉलिसी फाइंडर'वर, म्हणजे पूर्वीच्या 'शेर्पा रोमिओ'वर, मोफत पाहता येतं. म्हणून ती वर्ड फाइल नेट सेंटरच्या संगणकावर सोडून येऊ नका. स्वतःलाच मेल करून ठेवा, सोबत सही केलेल्या फॉर्मचा फोटोही.

घाबरून काहीच न टाकणं

ही चूक मला जास्त खटकते. आपल्याकडची कितीतरी छापील मराठी नियतकालिकं लेख मागवतात, छापतात, सही मात्र कुठेच घेत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की लेखी आणि सहीनिशी झाल्याशिवाय हस्तांतरण वैध नाही. सही दिलेली नसेल तर हक्क तुमच्याकडेच आहे. सही असली, पण कागदावर मुदत लिहिलेली नसेल, तर ते हस्तांतरण ५ वर्षांचंच धरलं जातं. कपाटातले जुने फॉर्म काढून बघा. कित्येक लेख आजच खुले करता येतील. तालुक्याच्या गावात बसून एम.ए. करणाऱ्या पोरांना विद्यापीठाचं ग्रंथालय हाताशी नसतं, त्यांना हेच लेख लागतात.

दुसऱ्याचं साहित्य परिशिष्टात घालणं

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर किंवा दंडार या लोकनाट्यावर प्रबंध लिहिताना अख्खी नाट्यसंहिता, गाणी, फोटो मागे जोडले जातात. प्रबंध टाइप करून बांधला, तोवर ते मोजक्या लोकांच्या हाती होतं. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावर, गेलं की जगभर गेलं. नाटककाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. समीक्षेसाठी उतारे देता येतात, सबंध संहिता नाही. सादरीकरणाच्या रेकॉर्डिंगवर कलावंताचाही कायदेशीर हक्क असतो. मुलाखतीला दिलेला होकार हा इंटरनेटवर टाकण्याचा होकार नव्हे. तो वेगळा मागा, त्यांना समजेल अशा गोंडीत, कोरकूत किंवा झाडीबोलीत. लिहिता येत नसेल तर आवाजात नोंदवा. नाही म्हणाले तर ते परिशिष्ट वगळून प्रबंध द्या. ज्यांच्या अंगणात बसून आपण पदवी मिळवली, त्यांचा एवढा मान ठेवायलाच हवा.

शोधगंगेत प्रबंध गेला की हक्क गेला, हाही गैरसमज आहे. साठवण्याची परवानगी देणं म्हणजे मालकी देणं नव्हे. प्रबंधाचं पुस्तक करायचं असेल तर तो आधीच खुला आहे हे प्रकाशकाला करारापूर्वी सांगा. सहलेखक असतील तर त्यांचा होकार घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही मजकूर वापरू देणारी खुली परवानगी, निवडताना घाई नको: त्या परवान्याने कुणी मजकूर घेतला की नंतर मन बदलून उपयोग नसतो. आणि हक्क प्रकाशकाकडे गेला असेल, तर असा परवाना तुम्हाला देताच येत नाही.

चुकीची फाइल आधीच चढली असेल तर

ग्रंथपालांना सांगून ती लगेच बदलून घ्या. संपूर्ण नोंद उडवू नका. शीर्षक, लेखक आणि जर्नलचा दुवा राहू द्या. स्वीकृत प्रत असेल तर ती लावा, थांबण्याची मुदत बाकी असेल तर फाइल त्या तारखेपर्यंत बंद ठेवा. डीस्पेससारख्या रिपॉझिटरी चालवणाऱ्या संगणक प्रणालीत बंद फाइलसाठी वाचक प्रतीची विनंती पाठवू शकतो. ती सोय सुरू आहे का आणि विनंती नेमक्या कुणाच्या मेलवर येते, ते आजच विचारून घ्या.